भिंतीला डोळे फुटले, तेव्हा!

भिंतीला कान असतात, असे आमची आजी म्हणे. गेल्या वर्षी चिरंजीवांनी बैठकीत कॅमेरा बसवला आणि भिंतीला डोळेही फुटले! परगावी बसून त्याला आम्ही मोबाइलवर दिसू लागलो. सौभाग्यवती तर हरखूनच गेल्या. मी सहज विचारले, "याचा पासवर्ड काय रे?"

"कारखान्यातून आला तोच आहे, बाबा."

माझ्या छातीत धस्स झाले! २०१६ सालची हकीकत मला ठाऊक होती. 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने इंटरनेटवर असलेच कॅमेरे हुडकून काढले. कारखान्यांनी दिलेले साठएक ठराविक पासवर्ड लावून पाहायचे, एवढीच त्याची युक्ती! हजारो कॅमेरे फितूर झाले. २१ ऑक्टोबरला त्यांनी एकदम केलेल्या माऱ्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र पत्ताही नव्हता!

त्याच रात्री आम्ही पासवर्ड बदलला आणि कॅमेरा बैठकीतून काढून दाराबाहेर लावला.

वाचकहो, कुलूप तुम्हीही लावत असाल. पण दुकानदाराने साऱ्या गिऱ्हाइकांना एकच किल्ली तर दिली नाही ना, एवढे आज पाहून घ्या!