मझौलीचा काळा पाइप आणि पॉलिमरची पदवी

जबलपूरच्या उत्तरेला साधारण 40 किलोमीटरवर मझौली हा तालुका आहे. बाहेरच्या माणसाने त्याचं नाव ऐकलं असेल तर बहुधा विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे. शेतमालाच्या व्यापाऱ्याला मात्र तो हिरव्या वाटाण्यामुळे ठाऊक असतो. मझौली, सिहोरा, पाटण, शहापुरा हा सगळा पट्टा हिवाळ्यात वाटाण्याने भरलेला असतो, आणि ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या नावापुढे हाच वाटाणा लागला आहे. या शेतांत प्लास्टिक शोधावं लागत नाही. तुषार सिंचनाचे काळे पाइप एचडीपीईचे, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचे, पंपापासून येणारे राखाडी पाइप पीव्हीसीचे, शेंगा भरायच्या जाळीदार पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या आणि गोठवलेला मटार ज्या पाकिटात शहरात विकला जातो ते पॉलिथिनचं. कुठे कोणतं प्लास्टिक वापरायचं हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं आहे. ते का आणि कसं ठरतं, हाच पॉलिमर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा विषय.

मटाराच्या पाकिटापासूनच सुरुवात करू. जाळीची पिशवी पॉलिप्रॉपिलीनची चालते, मग शीतगृहातलं पाकीट त्याच प्लास्टिकचं का नको? प्रत्येक पॉलिमरला एक तापमान असतं, ज्याच्या खाली त्याच्या रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते आणि लवचीक पदार्थ काचेसारखा ठिसूळ होतो. साध्या पॉलिप्रॉपिलीनसाठी हे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास येतं, पॉलिथिनसाठी उणे 100 च्याही खाली. मटार उणे 18 अंशांना साठवतात. तिथे साध्या पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट आपटलं तर तडकू शकतं, पॉलिथिनचं नुसतं वाकतं.

काळ्या पाइपाची गोष्ट याहून खोल आहे. रंग काळा असतो तो काजळीमुळे. पॉलिथिनमध्ये साधारण अडीच टक्के काजळी मिसळली की ती सूर्याची अतिनील किरणं स्वतः शोषते आणि रेणूंच्या साखळ्या तुटण्यापासून वाचतात. हे सोपं उत्तर झालं. अवघड प्रश्न असा, की सतत पाण्याचा दाब सोसणारा पाइप 50 वर्षं टिकेल असं कारखाना कशाच्या जोरावर सांगतो? पन्नास वर्षं थांबून कुणी पाहिलेलं नाही. पाइपाचे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगवेगळ्या दाबांखाली वर्षभराहून अधिक काळ ठेवतात, कोणता तुकडा किती तासांनी फुटला याच्या नोंदी करतात आणि त्या आलेखाची रेघ पुढे 50 वर्षांपर्यंत नेतात. पाइपावर छापलेलं ‘पीई 100’ तिथूनच येतं. 20 अंश तापमानाला 50 वर्षं किमान 10 मेगापास्कल ताण सोसेल, असा त्या आकड्याचा अर्थ. मझौलीच्या मे महिन्यात उघड्यावर पडलेल्या पाइपाला 20 अंश कुठून मिळणार, हा प्रश्न वाचकाच्या मनात आलाच असेल. म्हणूनच तापमान वाढलं की पाइपाचा मान्य दाब कमी धरावा लागतो, आणि त्यासाठी वेगळी कोष्टकं असतात.

आता रेणूंकडे. हर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1920 साली मांडलं, की रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे हजारो घटक जोडून बनलेल्या लांब साखळ्या आहेत. त्या काळच्या अनेक मान्यवरांना ते पटलं नाही. नोबेल मिळायला 1953 उजाडलं. त्याच वर्षी कार्ल झिग्लर यांना कमी दाबावर सरळ साखळ्यांचं पॉलिथिन बनवणारा उत्प्रेरक सापडला. काळा पाइप या शोधाचा वंशज आहे. त्याच्या आत साखळ्या वाडग्यातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि काही ठिकाणी नीट घड्या घालून बारीक स्फटिक बनवतात. स्फटिकांमुळे पाइप ताठ राहतो. पण दोन स्फटिकांना बांधून ठेवणाऱ्या लांब साखळ्या कमी पडल्या, तर दाबाखाली वर्षानुवर्षांत एक सूक्ष्म चीर हळूहळू वाढते आणि पाइप एक दिवस कोणताही फुगवटा न दिसता फुटतो.

यावरचा उपाय मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. एकामागोमाग दोन रिॲक्टर लावतात. पहिल्यात मुद्दाम आखूड साखळ्या बनवतात. त्यांचे स्फटिक चांगले होतात आणि वितळल्यावर माल सहज वाहतो. दुसऱ्यात खूप लांब साखळ्या, त्यांना अधूनमधून छोट्या फांद्या. फांदी आली की साखळीला तिथे घडी घालता येत नाही, त्यामुळे ती एका स्फटिकातून निघून दुसऱ्यात शिरते आणि दोघांना बांधते. ताठपणा एकीकडून आला, चिवटपणा दुसरीकडून. रसायनशास्त्र, यंत्र आणि शेत यांच्यातलं अंतर या विद्याशाखेत किती कमी आहे, ते इथे दिसतं.

कारखान्यात या साखळ्यांची लांबी एका साध्या चाचणीतून ताडतात. 190 अंशांना वितळलेल्या पॉलिथिनवर 2.16 किलोचं वजन ठेवायचं आणि 10 मिनिटांत बारीक छिद्रातून किती ग्रॅम माल बाहेर आला ते मोजायचं. हा एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. आकडा मोठा तर साखळ्या आखूड. पाइप बनवायच्या कच्च्या प्लास्टिक-दाण्याचा एमएफआय एकाहून कमी, साच्यात भरायच्या बादली-टबाच्या दाण्याचा बराच जास्त. प्लास्टिकच्या धंद्यात दाणा घेणारा माणूस भावाच्या खालोखाल हाच आकडा विचारतो. कॉलेजात मुलं ही चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करतात, आणि पहिल्या नोकरीत पुन्हा तीच करतात.

मझौलीच्या मुलाने किंवा मुलीने हे शिकायचं कुठे? सिपेट ही केंद्र सरकारची संस्था 1968 साली चेन्नईत सुरू झाली. तिचं भोपाळ केंद्र सर्वांत सोयीचं. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर आणि चंद्रपूरलाही केंद्रं आहेत. दहावीनंतर तीन वर्षांच्या दोन पदविका तिथे मिळतात, एक प्लास्टिक तंत्रज्ञानाची, दुसरी साचे बनवण्याची. बी.एस्सी. झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. घरची ओढाताण असेल आणि लवकर कमावतं व्हायचं असेल, तर माझं मत साच्यांच्या पदविकेकडे झुकतं. चांगला साचा बनवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस चाकण, भोसरी, पीथमपूर अशा औद्योगिक भागांत कुठेही चटकन सामावला जातो.

पदवीसाठी जबलपूरच्या मराठी घरांची नजर साहजिकच नागपूरकडे जाते. 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी तेच होतं, आणि नातीगोती अजून तिथे आहेत. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडची एलआयटी, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली उभी राहिली. प्लास्टिक आणि पॉलिमर तंत्रज्ञान ही तिथली जुनी शाखा. मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, 1933 ची, तेव्हाची यूडीसीटी. तिथेही पॉलिमरचं बी.टेक. होतं. पुण्यात एमआयटीचा पॉलिमर विभाग आहे. मध्य प्रदेशच्या रहिवाशाने मात्र महाराष्ट्रातल्या जागांचे रहिवासाचे नियम आधी तपासावेत; जेईई मेनचे गुण हाताशी असलेले बरे.

पुढे संशोधनात जायचं तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर यूडीसीटीत शिकले, इंग्लंडमध्ये राहून 1976 साली एनसीएलमध्ये परतले आणि तिथे त्यांनी पॉलिमर अभियांत्रिकीचं काम उभं केलं. स्टार्चपासून बनवलेलं, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारं ‘जलशक्ती’ हे पॉलिमर त्याच प्रयोगशाळेतलं. तिथलेच आशिष लेले हेही यूडीसीटीचे. पॉलिमर जेल आणि वितळलेल्या पॉलिमरचं वाहणं या कामासाठी त्यांना 2012 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. गेट परीक्षेत पॉलिमर विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तेव्हा हा रस्ता पदवीनंतर खुला राहतो.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. या शाखेतली पहिली नोकरी बहुधा पाळीची असते: एक्स्ट्रूडरचा आवाज, गरम डाय, रात्रपाळी, आणि संगणक शाखेच्या मित्राला मिळालेला आकडा ऐकून होणारी चिडचिड. तीन-चार वर्षांनी वाटा फुटतात. कुणी मोटारींच्या सुट्या भागांकडे जातं, कुणी वैद्यकीय उपकरणांकडे, कुणी मास्टरबॅच आणि कंपाउंडिंगकडे, कुणी जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या पाइप-ठिबकच्या उद्योगात. मझौलीच्या दृष्टीने नवी गोष्ट म्हणजे बीना. तिथल्या भारत पेट्रोलियमच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला जोडून सुमारे 49,000 कोटी रुपयांचा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभारायचं ठरलं आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्याची पायाभरणी झाली. इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन, शिवाय पॉलिप्रॉपिलीन, असा तो आराखडा. सिहोरा रोड स्थानकावर रेल्वेगाडीत बसून कटनी, दमोह, सागर करत बीना गाठता येतं. भोपाळजवळ तामोटला प्लास्टिक पार्कही मंजूर झालेला आहे.

पण येत्या दहा वर्षांत खरी माणसं लागतील ती जुन्या प्लास्टिकसाठी. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यापाठोपाठ कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत 2025-26 पासून 30 टक्के पुनर्वापराचा माल घालण्याची अट आली, ती 2028-29 पर्यंत 60 टक्क्यांवर जायची आहे. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन प्रत्येक वेळी वितळवताना त्याच्या साखळ्या तुटतात, एमएफआय वाढतो आणि वस्तू कमजोर होते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्या सीमेवरच तडा जातो. पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटीत पीव्हीसीचा थोडासा तुकडा गेला, तरी वितळण्याच्या तापमानाला त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि सगळा माल पिवळा पडतो. भंगारवाला हाताने निवडतो तिथपर्यंत ठीक. त्यापुढे कोणतं रसायन किती घातलं की तुटलेल्या साखळ्या पुन्हा कामाच्या होतील, हे ठरवायला शिकलेला माणूस लागतो. पर्यावरणाची काळजी वाटते म्हणून या शाखेला नाक मुरडणाऱ्या मुलांनी हा भाग आधी पाहावा.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजची वेबसाइट बघण्यापेक्षा तिथे एक चक्कर मारावी. एक्स्ट्रूडर आणि इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र आहे का, त्याला धूळ बसली आहे की हॉपरमध्ये दाणा आहे, मुलं स्वतः यंत्र चालवतात की नुसती भोवती उभी राहून बघतात, हे तासाभरात कळतं. आणि तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मुलं कुठे जातात ते विभागात विचारावं; उत्तरात कारखान्यांची नावं यायला हवीत.