टास्कपुढचं नाव म्हणजे जबाबदारी नव्हे

प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये टास्कपुढे एखाद्याचं नाव आलं की ते काम त्याचं झालं, हा समज पक्का रुजलेला आहे. त्यावर बेतलेले प्लगइन मग कोणाच्या नावावर किती कामं, एवढंच मोजत बसतात. पण तो रकाना फक्त आजचं नाव सांगतो. काम कोणी आपणहून घेतलं, कोणाच्या गळ्यात मारलं गेलं, कितीदा हात बदलले, हे त्यात नसतं. जबाबदारीचा माग काढायचा तर हे हात बदलणं टिपायला हवं.

त्यासाठी इतिहासाचं नवं टेबल उभारावं लागतं, हा दुसरा गैरसमज. 2006पासून वापरात असलेलं रेडमाइन हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. टास्कमध्ये बदल झाला की तो कोणी आणि कधी केला हे त्याच्या ‘जर्नल्स’ टेबलात जातं. जुनं आणि नवं मूल्य ‘जर्नल डिटेल्स’मध्ये. म्हणजे बहुतेक इतिहास आयताच हाती असतो. खरी मेख वेगळीच आहे. टास्क तयार होताना जर्नलची नोंद होत नाही, त्यामुळे काम सर्वांत आधी कोणाकडे होतं हे थेट सापडत नाही. नाव पहिल्यांदा बदललं त्या नोंदीतलं जुनं मूल्य पाहायचं. बदललंच नसेल तर आजचं नाव धरायचं. एवढं केलं नाही तर पहिल्या माणसाकडचा काळ हिशेबातून गळतो आणि एकाच नावावर महिनोन्‌महिने पडून राहिलेलं काम, जे सर्वांत आधी दिसायला हवं, ते दिसतच नाही.

दोन-तीन नावं टाकली की काम सुरक्षित, असंही मानलं जातं. मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि लाताने यांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपस्माराचा झटका आलेल्या माणसाचा आवाज आपण एकट्यानेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक तो बोलायचा थांबण्याआधीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त 31 टक्के. ऑफिसातलं काम म्हणजे आणीबाणी नव्हे, हे मान्य. तरीही ‘दुसरा बघेल’ ही वृत्ती तीच. काम खरोखरच दोघांचं असेल तर त्याचे दोन सबटास्क करावेत.

कामाचा असा माग काढण्यातून माणसांवर पाळत ठेवली जाईल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. नावावरचे दिवस म्हणजे कामाचे दिवस नव्हेत. त्यातले कित्येक ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात. म्हणून प्लगइनने माणसांची क्रमवारी लावूच नये, टास्कचा प्रवास दाखवावा. बदल करणारा आणि नवं नाव एकच असेल तर काम त्याने स्वतः घेतलं, हे जर्नलवरूनच कळतं. इतरांसाठी ‘स्वीकारलं’ असं एक बटण द्यावं आणि ते दाबेपर्यंत टास्क देणाऱ्याच्याच खात्यावर दाखवावा.