रिफ्रेशचा ४०४ आणि निर्दोष सर्व्हर

आळंदीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात संकेतस्थळे बांधणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी एक तक्रार इतक्या वेळा ऐकू येते, की आता तिचा वीट आला आहे: ‘लोकलला व्यवस्थित चालतं, लाइव्ह केल्यावर रिफ्रेश मारला की ४०४, होस्टिंगच भिकार आहे.’ होस्टिंग भिकार असेलही. पण या ४०४ शी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेसाठी एखाद्या धर्मशाळेने रिॲक्टमध्ये संकेतस्थळ करून घेतले, असे समजा. मुख्य पानावरून ‘खोल्या’ या दुव्यावर बोट टेकवताच पत्ता बदलतो आणि पानही उमटते. परंतु ही किमया ब्राउझरच्या हिस्टरी एपीआयमधील पुशस्टेटची असून, पान बदलताना सर्व्हरला कोणी विचारलेलेच नसते. तोच पत्ता दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि एखाद्या वारकऱ्याने तो थेट उघडला, म्हणजे दरखास्त प्रथमच सर्व्हरच्या दफ्तरी दाखल होते. आणि तेथे इंडेक्स.एचटीएमएल व तिच्या सोबतच्या जावास्क्रिप्ट, सीएसएस फायलींखेरीज ‘खोल्या’ नावाचा कागदच नसल्यामुळे, ‘सापडत नाही’ हे प्रामाणिक उत्तर मिळते. यात सर्व्हरचा अपराध तो कोणता? लोकलला हे घडत नाही, कारण व्हीटसारखा विकासकालीन सर्व्हर अनोळखी पत्त्यालाही निमूटपणे इंडेक्स.एचटीएमएल देतो, ती तजवीज प्रत्यक्ष सर्व्हरवर आपणच करावयाची असते.

एनजिनएक्समध्ये त्यासाठी ट्राय_फाइल्सची एक ओळ पुरते: आधी मागितलेली फाइल पाहा, मग त्या नावाचा फोल्डर, आणि दोन्ही नसल्यास इंडेक्स.एचटीएमएल द्या. अपाचेत २.२.१६ या आवृत्तीपासून फॉलबॅकरिसोर्स हेच काम करते. मात्र एपीआय आणि जावास्क्रिप्टच्या फायली या सवलतीतून वगळाव्यात. अन्यथा नव्या डिप्लॉयमध्ये नाहीशी झालेली फाइल जुन्या कॅशेतील पानाने मागितली, की तिच्या जागी एचटीएमएल जाते, कन्सोलवर ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ झळकते, आणि पडदा पांढराफटक राहतो.

उरलेले गैरसमज किरकोळ आहेत. ‘डॉट एचटीॲक्सेस टाकली, तरी चालत नाही’: एनजिनएक्स ती फाइल वाचतच नाही, आणि अपाचे २.४ मध्येही अलाउओव्हरराइडची मूळ नेमणूक ‘नन’ अशीच असते. ‘४०४ आला, तर मुख्य पानावर रिडायरेक्ट करा’: मग मागितलेला पत्ताच पुसला जातो, आणि खोल्या पाहू इच्छिणारा वारकरी पुन्हा दारात उभा राहतो. ‘पत्त्यात हॅश घातला, की सर्व्हर सुधारतो’: सर्व्हर होता तसाच असतो, हॅशपुढचा मजकूर ब्राउझर त्याच्याकडे पाठवतच नाही, हे आरएफसी ३९८६ मध्ये २००५ पासून नमूद आहे. ‘एररडॉक्युमेंटला इंडेक्स.एचटीएमएल लावले, की भागले’: पान दिसते, पण उत्तराच्या माथ्यावरचा ४०४ कायम राहतो, आणि असे पान गूगल आपल्या सूचीत घेत नाही. ‘मग प्रत्येक पत्त्याला २०० मिळाले, की काम फत्ते’: वाट्टेल ते टंकले तरी २०० देणाऱ्या पानांना गूगल ‘सॉफ्ट ४०४’ ठरवते, त्यासाठी खोट्या पत्त्याच्या पानावर रिॲक्टमधूनच नोइंडेक्सचा टॅग घालावा लागतो.