मालक खाली, भाडेकरू वर : डिपॉझिट परत कसे घ्यावे

नांदेडजवळचे विष्णुपुरी आपल्याला ठाऊक आहे. तिथे गोदावरीवर मोठे धरण आहे. अभियांत्रिकी कॉलेज आहे. सरकारी वैद्यकीय कॉलेज आणि दवाखाना आहे. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तिथेच आहे. कंधार, मुखेड, किनवट, अहमदपूर, अशा ठिकाणांहून मुले-मुली तिथे शिकायला येतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खोली भाड्याने घ्यावी लागते. मालक खाली राहतो आणि माडीवरची खोली भाड्याने देतो, अशी घरे बरीच असतात.

अशा घरात आधार असतो. लेकराला ताप आला तर मालकीणबाई विचारपूस करतात. सणाला पुरणपोळीचे ताट वर येते. पण खोली सोडताना डिपॉझिटची गोष्ट निघाली, की हीच गोड माणसे एकमेकांना कडू होतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे आपण पाहू.

डिपॉझिट कोणाचे?

डिपॉझिटला आपला शब्द आहे अनामत. अनामत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव. ती भाडे नव्हे आणि देणगीही नव्हे. भाडे मालकाचे, अनामत भाडेकरूची. भाडे थकले किंवा काही मोडले, तरच तेवढी रक्कम मालकाने कापून घ्यावी. बाकीची परत करावी.

समजा, डिपॉझिट ९,००० रुपये आहे. विजेचे बिल ४०० रुपये बाकी आहे. खिडकीची काच फुटली, तिला ३५० रुपये लागले. मग ८,२५० रुपये परत मिळाले पाहिजेत. हिशेब एवढा सोपा आहे.

मग अडते कुठे?

अडते ते भिडेमुळे. एका छपराखाली राहायचे, मग पावती कशी मागावी? मालक काय म्हणतील? असे वाटून आपण गप्प बसतो. मालकालाही वाटते, घरच्यासारखी माणसे, कागद कशाला?

पुढे खोली सोडायचा दिवस येतो. मालक म्हणतो, "भिंती खराब झाल्या की! रंग द्यावा लागतो." भाडेकरू म्हणतो, "आम्ही आलो तेव्हाच तशा होत्या." खरे कोणाचे? कागद नाही, म्हणून कोणालाच सांगता येत नाही. मग मालक म्हणतो, "आठ दिवसांनी या." बाप किनवटहून एस.टी.ने पुन्हा येतो. तिकीट जाते, एका दिवसाची मजुरी बुडते. दोन-तीन खेपांत तो थकतो आणि पैसे सोडून देतो. म्हणूनच म्हणतात, भीड भिकेची बहीण.

खोली घेताना

पैसे देतानाच पावती घ्या. पावती अशी असावी :

"माझ्या घरातील माडीवरच्या खोलीसाठी अनामत म्हणून रुपये ९,००० (अक्षरी नऊ हजार) आज मिळाले. खोली सोडताना थकबाकी वजा करून ही रक्कम त्याच दिवशी परत देईन."

खाली तारीख, दोघांची नावे आणि सह्या असाव्यात. पैसे बँकेतून किंवा फोनवरून दिले तर त्याची नोंद राहते. तरीही पावती घ्याच.

दुसऱ्या कागदावर खोलीची यादी करा. पंखा, दिवे, नळाची तोटी, दाराची कडी, काचा, भिंतीचा रंग. काय चांगले आहे आणि काय आधीच मोडके आहे, ते लिहा. विजेच्या मीटरचा आकडा लिहा. त्यावरही दोघांच्या सह्या घ्या. फोनवर खोलीचे फोटो काढून ठेवा. दर महिन्याच्या भाड्याचीही पावती घ्या.

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून सुरू झाला. जिथे तो लागू आहे, तिथे भाड्याचा करार लेखी असावा आणि नोंदवावा, असे तो सांगतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोटे आहे, हे मालकाने सिद्ध करावे लागते. आपल्या गावाला हा कायदा लागू आहे का, हे वकिलाला विचारून घ्या.

डिपॉझिट किती असावे? केंद्र सरकारने २०२१ साली नमुना भाडेकरू कायदा केला. त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट सांगितले आहे. हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. पण रक्कम ठरवताना तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

खोली सोडताना

आधी लेखी कळवा. करारात मुदत असेल तर ती पाळा. करारात काही नसेल तर महिन्याच्या भाडेकरूने १५ दिवस आधी कळवावे, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो.

"शेवटचे भाडे देत नाही, डिपॉझिटमधून कापा," असे आपल्याच मनाने करू नका. मालक कबूल असेल तर तसे लिहून घ्या.

सामान हलवण्याआधी मालकाला खोलीत बोलवा. जुनी यादी काढा आणि एकेक वस्तू दोघांनी मिळून पाहा. वापराने जी झीज होते, ती भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. रंग फिका पडला, तोटीचा वायसर झिजला, ही झीज झाली. दार फोडले, पंखा पाडला, हे नुकसान झाले. नुकसानीचे पैसे द्यावे, झिजेचे देऊ नयेत.

हिशेब मांडा. किल्ली द्या आणि पैसे घ्या. मालकाजवळ पैसे नसतील, तर किती देणार आणि कोणत्या तारखेला देणार, ते सहीनिशी लिहून घ्या. नुसत्या शब्दावर गावाकडे परतू नका.

तरीही पैसे मिळाले नाहीत तर

भांडू नका. पत्र लिहा. किती डिपॉझिट दिले, कधी खोली सोडली, किती येणे आहे, १५ दिवसांत द्यावे, एवढे पुरे. पत्राची नक्कल ठेवा. ते स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा.

गावात तंटामुक्ती समिती असेल तर तिच्यासमोर बसा. तिथे जमले नाही तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवेचे कार्यालय असते, तिथे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तिथून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिला कोर्ट फी लागत नाही. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून नीट विचार करूनच होकार द्या.

शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. तो तीन वर्षांच्या आत लावावा. पोलीस असे पैसे वसूल करून देत नाहीत. पण कोणी मारहाण केली, धमकी दिली किंवा सामान अडकवले, तर पोलिसांत जरूर जा.

मालकांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी काहींनी स्वतःच खोल्या भाड्याने दिल्या असतील. त्यांनी अनामत खर्चू नये. ती पोस्टात किंवा बँकेत वेगळी ठेवावी. भाडेकरूने पावती मागितली तर राग धरू नये. ती पावती मालकालाही राखते. उद्या कोणी जास्त रक्कम सांगितली, तर तोच कागद कामी येतो.

आता आपल्याला वाचता येते. सही करण्याआधी कागद पुरता वाचा. समजला नाही तर घरी आणा, दुसऱ्याकडून समजून घ्या. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब चोख असला, तर खोली सोडल्यावरही त्या घरी चहाला जाता येते.