कात्री की कटर?
२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीचं मखर पुठ्ठ्यावर आलं. तेव्हापासून कुंडलिकेकाठच्या नवीन जालन्यातही प्रश्न तोच. बाहेरची गोलाई कात्रीची. फिरवायचा तो कागद, कात्री नव्हे. आतली खिडकी, जाळी, जाड पुठ्ठा मात्र कटरकडे. पट्टी स्टीलचीच घ्या, प्लॅस्टिकची पातं सोलून काढतं. एका दमात आरपार जायची हौस नको. दोन-तीन हलके हात पुरतात. टोक बोथट झालं की पक्कडीने मोडा. हे मोडतं पातं जपानच्या योशियो ओकादांनी १९५६ मध्ये शोधलं, म्हणे चॉकलेटच्या वडीवरून! घडीची रेघ ओढायला दोन्ही नकोत, शाई संपलेलं बॉलपेन बरं.