न खाजणारा चट्टा

आपल्या न्यासाच्या दवाखान्यात त्वचेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मंडळींकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. जो चट्टा खाजतो, आग करतो, झोप लागू देत नाही, तो घेऊन माणूस लगबगीने येतो. जो मुकाट बसून राहतो त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. वास्तविक दाखवावयाची घाई या दुसऱ्याचीच करावयास हवी.

बडोद्याच्या पावसाळ्यात घरोघर आढळते ते गजकर्ण. आपले गुजराती शेजारी त्यास दादर म्हणतात. कडेने लाल, मध्ये निवळलेले आणि अतिशय खाजरे. हा बुरशीचा विकार असून योग्य औषधाने बरा होतो; परंतु दुकानदाराला विचारून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत निवांतपणे पसरते, आणि पुढे डॉक्टरांनाही मूळचे रूप ओळखू येत नाही. म्हणून दवाखान्यात येताना लावलेल्या मलमाची नळी बरोबर आणावी. ती लपविण्यात काही अर्थ नाही.

पाठीवर व छातीवर बारीक कोंडा धरणारे फिकट ठिपके म्हणजे शिबे, इकडचे ‘करोळिया’. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो व त्या जागी स्पर्श पूर्ण कळतो. जुन्या बोलीत त्यास श्वेतकुष्ठ हे नाव पडले आणि त्या एका नावापायी आपल्या समाजात कितीतरी मुलींची जुळलेली लग्ने मोडली. कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही व ते एकापासून दुसऱ्यास होत नाही.

आता तो मुका चट्टा. रंगाने फिकट किंवा तांबूस, खाज नाही, दुखत नाही. पुष्कळदा त्यावर घाम येत नाही, लव विरळ होते, आणि मुख्य खूण म्हणजे तेथे स्पर्श कळत नाही. याची तपासणी फार सोपी आहे. डॉक्टर उजेडात सर्व अंग पाहतात. मग रोग्यास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या पेळूने किंवा बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात व “कुठे लागले, बोट ठेवा” म्हणतात. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडते. चट्ट्यावर स्पर्श केला तर रोगी वाट पाहतच राहतो. कोपराच्या मागची व गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची शीर जाड झाली आहे का, हेही चाचपून पाहतात. जरूर वाटल्यास कानाच्या पाळीला सूक्ष्म छेद देऊन तेथील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

आमच्या ओळखीच्या एका भगिनीने असा चट्टा दोन वर्षे लांब बाहीच्या पोलक्याखाली झाकून ठेवला. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, हे त्याचे कारण. एके दिवशी तव्याला करंगळी चिकटली, कातडी जळल्याचा वास आला, तेव्हा बाईंना समजले. शिरेला नुकतीच इजा झाली असती, साधारण सहा महिन्यांच्या आतली, तर औषधाने ती पुष्कळ भरून येण्याचा संभव होता. बारा महिन्यांच्या उपचाराने रोग गेला, चट्टाही मावळला. करंगळीची जाणीव काही परत आली नाही. आजही त्या पातेले फडक्याने धरून, डोळ्यांनी पाहून उचलतात.

ज्या जंतूमुळे हा रोग होतो तो नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला. उपचारासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांची ती पाकिटे आज सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. चट्टे पाचपर्यंत असतील तर सहा महिने, अधिक असतील तर बारा. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. दोन्हीं गोष्टी तात्पुरत्या आहेत, त्यांना भिऊन औषध सोडू नये. मध्येच चट्टे सुजले, शिरा दुखू लागल्या, तर औषध चालूच ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून इतरांस लागण होण्याचे थांबते. मग भांडी वेगळी करण्याचे प्रयोजन काय? बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरणारी कलमेही २०१९ साली विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकण्यात आली. कायदा बदलला, आपल्या ओसरीवरची कुजबूज अजून तशीच आहे.

रोग्याच्या घरच्यांची तपासणी करून, योग्य दिसल्यास, त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस प्रतिबंधासाठी देतात. त्या भगिनीच्या घरची माणसे पहिल्या दिवशी आली, सासूबाई तेवढ्या आल्या नाहीत. “मला मेलीला या वयात काय होणार?” असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आठवड्यात सून स्वतः त्यांना रिक्षातून घेऊन आली, आणि कापूस पाठीला लागताच म्हातारीने “इथे, इथे!” म्हणून अचूक बोट ठेवले.