लुसीची मजुरी आणि लुसीची मालकी



चॉकलेटच्या कारखान्यात दोन बायका कामाला लागल्यात. समोरच्या सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येतात, ती एकेक करून कागदात गुंडाळायची. पट्टा वेगात सुटतो. हात पुरेनात, तशा त्या चॉकलेटं तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात. तिकडे 'घरकामात काय एवढं कठीण?' म्हणणारे नवरे घरी भात लावतात, तो उतू जाऊन स्वयंपाकघरभर होतो. 'आय लव्ह लुसी' या अमेरिकन मालिकेतला हा १९५२चा भाग आजही पोट धरून हसवतो. पण आज सांगायचीय ती पडद्यामागची गोष्ट.

लुसीचं काम करायची लुसिल बॉल. मालिकेतला नवरा म्हणून तिला स्वतःचाच नवरा हवा होता, क्युबात जन्मलेला देसी आर्नाझ. असा परदेशी नवरा लोकांना पटेल का, अशी सीबीएस या टीव्ही कंपनीला शंका. मग १९५० साली दोघांनी गावोगावच्या रंगमंचावर एकत्र कार्यक्रम केले आणि लोकांना जोडी आवडते हे दाखवून दिलं. १५ ऑक्टोबर १९५१ला मालिका सुरू झाली.

तेव्हा बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट दाखवले जायचे. या दोघांना हॉलीवूडमध्येच राहायचं होतं. म्हणून प्रेक्षक समोर बसवून, तीन कॅमेरे लावून, सिनेमासारखं फिल्मवर चित्रीकरण करायचं ठरलं. खर्च वाढला. तेव्हा दोघांनी आठवड्याचा पगार कमी घेतला, पण अट घातली: फिल्मची मालकी आमच्या 'देसिलू' कंपनीची.

एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असंच तेव्हा वाटायचं. पण लुसीने लोकांना वेड लावलं. ती खरंच गरोदर राहिली, तेही मालिकेत घेतलं. फक्त 'गरोदर' हा शब्द उच्चारायला बंदी! १९ जानेवारी १९५३ला तिची खरी प्रसूती झाली आणि त्याच रात्री मालिकेतही बाळ जन्मलं. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी ते पाहिलं.

भाग पुन्हा पुन्हा दाखवले जाऊ लागले. पुढे सीबीएसलाच ते देसिलूकडून विकत घ्यावे लागले. आणि ज्या आरकेओ स्टुडिओत लुसिल कधी काळी पगारी नटी होती, तो स्टुडिओच देसिलूने घेतला. १९६०मध्ये तिचा घटस्फोट झाला. १९६२मध्ये देसीचा हिस्सा विकत घेऊन ती देसिलूची प्रमुख झाली. 'स्टार ट्रेक' ही गाजलेली मालिका तिच्याच कंपनीतून आली.

बायांनो, मालिकेतली लुसी नवऱ्याकडे पैसे मागायची. खरी लुसी मात्र कागदावर कुणाचं नाव आहे, हे आधी बघायची.

आपल्या गटाला मसाल्याचं काम येतं, तेव्हा किलोमागे मजुरी किती, हे आपण लगेच विचारतो. पाकिटावर नाव कुणाचं, हेही त्याच बैठकीत विचारू या.